पुरा पत्ता

ठमाकाकीने कुणाचा पत्ता विचारला, की त्या घरचे धास्तावायचे. "तुजा लेक मुंबईत कुठं राहतो गो?" एवढंच तिने शेणव्याच्या बाजारात सहज विचारावं आणि समोरच्या बाईने हातातली वांगी तशीच टाकून घरचा रस्ता धरावा, हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी लग्न होऊन गावात आले त्याच आठवड्यात ती आमच्या ओटीवर येऊन टेकली आणि म्हणाली, "कल्याणला बापाचं घर कुठल्या आळीला? टेसनातून निघालं की डाव्या अंगाला का उजव्या?" माहेरची विचारपूस चालली आहे अशा समजुतीने मी आपली खुशीत सांगायला लागले. तेवढ्यात सासूबाई आतून पळीसकट बाहेर आल्या आणि कडाडल्या, "ठमे, तिचा बाप धडधाकट हाय! ऊठ आधी ओटीवरनं!" ठमाकाकी ढिम्म. "आज हाय. म्हणून तर विचारून ठेवते. मागनं कोण सांगनार?" असं म्हणून तिने कमरेची मशेरीची डबी काढली.

झालं होतं असं, की आमचं गाव शेणव्यापासून आत, मुरबाडच्या अंगाला. भाताची कापणी-झोडणी आवरली की निम्मं गाव पोटासाठी बाहेर पडायचं. वाडीवरची माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर, कुणाचा पोरगा मुंबईच्या गिरणीत, कुणाचा गोदीत. त्यातला एखादा तिकडेच मरायचा. अशा माणसाला घरी आणायची एक रीत होती. तिला 'वाट सांगणं' म्हणत. दिवेलागणीला वेशीवर उभं राहायचं, मेलेल्याचं नाव घेऊन त्याला उठवायचं, आणि तो जिथे पडला तिथून घरापर्यंतची वाट त्याला मोठ्याने सांगायची. भट्टीच्या झोपडीतून बाहेर ये, उजव्या हाताला वळ, नाल्यावर फळी टाकलीय तिच्यावरनं ये. मेलेल्याला आपलं आपण पाणी ओलांडता येत नाही, म्हणून वाटेतल्या प्रत्येक पाण्याचं नाव घेताना चिमूटभर तांदूळ टाकायचे. उंबरठ्यापाशी वाट संपली की देवाऱ्याखाली त्याचं ताट वाढायचं. मग तो पूर्वजांत बसला, घरचे मोकळे झाले. हे काम गावात एकाच बाईकडे असे. आधी ठमाकाकीची सासू करायची, तिच्यामागे ठमाकाकी. म्हणून गाव तिला वाटसांगी म्हणे.

या कामात एक वळणसुद्धा चुकून चालत नसे. "वळण राहिलं की तो तिथंच उभा राहतो," काकी म्हणायची. "मानसाचं तसं नाय, मानूस विचारील. मेलेला कुणाला विचारील?" तिच्या सासूच्या म्हातारपणी दोघांची वाट अशी चुकली होती. ते दोघे भिवंडीच्या नाक्यावर अजून उभे आहेत, असं काकी अगदी 'मारुतीच्या देवळापाशी दोन गोण्या ठेवल्यात' अशा सुरात सांगायची. एकदा मी तिच्याबरोबर एसटीने भिवंडीला गेले होते. नाका आला तशी ती बोलता बोलता गप्प झाली, खिडकीबाहेर एका मोकळ्या कोपऱ्याकडे बघून तिने हात जोडले, आणि गाडी पुढे गेल्यावर पुन्हा कोळंबीच्या भावावर आली. मी कल्याणची, सातवी पास, मला कसली आली आहेत भुतंखेतं! पण परतताना मी त्या बाजूच्या खिडकीत बसले नाही, हेही खरं.

उलट जिवंत माणसाला ती कधी वाट सांगत नसे. जन्मात नाही. एकदा एक साहेब जीप थांबवून तिला विचारू लागले, "बाई, किन्हवलीचा रस्ता कोणता?" ही नुसती हनुवटीने दाखवते आहे. साहेबांनी पुन्हा विचारलं, ओरडून विचारलं, खुणा करून विचारलं. शेवटी "बिचारी मुकी दिसते" असं म्हणून त्यांनी तिच्या हातावर एक आणा ठेवला. जीप गेल्यावर ही बाई अशी हसली, की नदीवरच्या बायकांनी धुणं थांबवून वर पाहिलं. आवाजच तसा होता तिचा. मी म्हटलं, "काकी, दोन शब्द बोलला असतात तर काय जीभ झडली असती?" तर म्हणाली, "जित्याला वाट बोलून दाखवायची नसते गो मास्तरनी. पाय तिकडं चालाय लागतात." त्या आण्याच्या गोळ्या आणून तिने आळीतल्या पोरांना वाटल्या.

मला ती फार आवडायची. माझ्या दोन्ही बाळंतपणांत शेकशेगडी तिने केली, माझ्या सासूला चार शब्द सुनावायची हिंमत गावात तिच्या एकटीत होती, आणि मी कल्याणची आठवण काढून रडले की "रड रड, तुजं कल्याण काय पळून नाय चाललं" असं म्हणून मांडीवर डोकं घ्यायची ती तीच. पण संध्याकाळ झाली आणि तिच्या घरावरून जायची वेळ आली, की मी पावलं उचलायची.

गणपत हा तिचा एकुलता एक मुलगा. तो गोदीत लागला, गोदीतून बोटीच्या इंजिनखान्यात, आणि एका फेरीला लंडनलाच राहिला. मागे बायको होती, येसू. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. आमचे हे शाळामास्तर आणि गावचे पोस्टमास्तरही. आमच्या ओटीवरच टेबल, शिक्का आणि टांगलेली लाल पेटी, एवढं पोस्ट होतं. गणपतचं निळं पत्र आलं की काकी आणि येसू दोघी ओटीवर येऊन बसायच्या, मी वाचायची, मीच उत्तर लिहायची. पत्त्यात घराचा नंबर, रस्त्याचं नाव, आणि शेवटी लंडन, ई सोळा. रस्त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. अजून माझ्याच्याने ते मोठ्याने म्हणवत नाही.

मग पत्रं येईनाशी झाली. आम्ही लिहिलेलं एक पत्र परत आलं, वर शिक्का, या पत्त्यावर हा माणूस राहत नाही. दुसरं परत आलं, तिसरं आलंच नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणखी गेले. येसूचा भाऊ शेणव्याला असे. तो येऊन ओटीवर बसला आणि म्हणाला, "मास्तर, माझ्या बहिणीचं काय करायचं? नवरा हाय का नाय, कोणतरी सांगा. नसंल तर तिचा पाट लावू. तिचं वय काय राहनार हाय व्हय?" भावकीनेही तेच धरलं. गणपतची वाट सांगायची, त्याला पूर्वजांत बसवायचं, पोरीला मोकळं करायचं. आणि वाट सांगायची कुणी? तर त्याच्या आईने.

काकी 'नाही' म्हणाली नाही. साऱ्या गावाच्या मेलेल्यांना तिने घरी आणलं होतं, ती कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? ती एवढंच म्हणाली, "पत्ता पुरा नाय."

मग तिचं ओटीवर येणं सुरू झालं. "मास्तर, ह्यो ई सोळा काय हाय?" ह्यांनी समजावलं, "लंडन फार मोठं आहे, काकी. टपालवाल्यांना सापडावं म्हणून त्याचे तुकडे पाडलेत. पूर्वेकडचा तो ई, त्यातला हा सोळावा." "म्हंजे सोळावी आळी." "तसंच समजा." "मंग पंधराव्या आळीतनं सोळाव्यात कुठनं शिरतात?" आता ह्यांना काय ठाऊक! ती समाधानाने मान हलवायची. "बगा. पुरा नाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. दार रस्त्यावर उघडतं का परसात? समोर काय आहे? वाटेत ओढा किती? असं वर्ष काढलं तिने. मला सबब कळत होती. पत्ता पुरा नव्हता तोवर तिचा मुलगा मेला नव्हता, बस्स. पण समोर येसू बसलेली असायची, खाली मान घालून, पायाच्या नखाने शेणाने सारवलेली जमीन उकरत. एकदा माझा तोल गेला. मी म्हटलं, "काकी, पोरीचा जन्म चाललाय हो वाया! तुम्हांला दिसत नाही?" तिने माझ्याकडे बघितलं. "तुज्या मांडीवर पोर हाय ना? मंग गप बस," म्हणाली आणि उठून गेली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एकदा मी कुणाच्या तरी पत्रावर पत्ता लिहीत होते. ती शेजारी बसून बघत होती. "आधी काय लिवलंस?" "माणसाचं नाव." "मंग?" "घर. मग रस्ता, मग गाव, मग देश." तिने पाकिटावरच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ही जानाऱ्याची वाट नाय गो. जानारा आधी देशात जाईल, मंग गावात, मंग घरात. ही घरातनं निघून भाईर येनाऱ्याची वाट. मी सांगते तश्शीच. तुमी सगळी पत्ता मेलेल्यासारखाच लिवता." असं म्हणून मशेरी लावत बसली. माझा हात मात्र टाकावर तसाच राहिला. आजही पाकिटावर पत्ता लिहिताना तिसऱ्या ओळीपाशी माझ्या अंगावर काटा येतो.

आणि मग दाऊदचाचा आले. मुरबाडकडचे, बोटीवर उभी हयात काढलेले. गणपतबरोबर त्याच घरात राहिलेले होते. नंतर त्यांची बोट बदलली. पुढे कधी लंडनला गेले तेव्हा घरमालकीण म्हणाली, तो बोटीवर गेला तो परतलाच नाही. "माँजी, मला यापरीस जास्त ठावं नाय," ते म्हणाले. "खोटं नाय सांगनार." येसूने पदर डोळ्याला लावला. काकीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने जुनाच प्रश्न विचारला, दार कुठल्या अंगाला? तिला वाटलं असेल, हेही नाही सांगता यायचं. पण दाऊदचाचांना सगळं येत होतं. लाकडी जिना, खाली हिरवं दार, बाहेर पडलं की डाव्या हाताला कोळशाची वखार, मग रेल्वेचा पूल, पुलाखालून गोदीचं फाटक, फाटकातून धक्का. धक्क्यापासून समुद्र, सुएझचा कालवा, एडन, मुंबई. ते बिचारे बारकाव्याने, प्रेमाने सांगत गेले, आणि एकेका वळणाला काकीचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते म्हणाले, "बास. पुरा झाला." ती उठली आणि भिंतीला हात लावत लावत घरी गेली. तिला तसं चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्याच अमावास्येला तिने वाट सांगितली. गाव वेशीवर जमलं होतं. एरवी अशा वेळी घरचीच माणसं असत. काकीने पदर खोचला. "गनपता, ऊठ," म्हणाली. तिचा तो नदीपार जाणारा आवाज, पण त्या दिवशी त्यात निजलेल्या पोराला उठवावं तसं मऊपण होतं. "जिना उतर. हिरवं दार हाय, लोट. डाव्या हाताला वळ, कोळशाची वखार लागंल." लंडनमधली ती गल्ली आमच्या वेशीवर, करवंदीच्या जाळ्यांपुढे उभी राहत होती. पोरंसुद्धा रडत नव्हती. धक्क्यावर आल्यावर ती थांबली. समुद्र तिने जन्मात पाहिलेला नव्हता. ओढ्याला चिमूटभर तांदूळ, तर समुद्राला किती? तिने शेजारी ठेवलेलं तांदळाचं अख्खं सूप उचललं आणि अंधारात भिरकावून दिलं. "ये," म्हणाली, "भिऊ नको, ये." मग मुंबई, कल्याण, आसनगाव, शहापूर, शेणवा, आमचे दोन ओढे. पुढचं ती घराकडे चालत चालत सांगत गेली, मागोमाग आम्ही: चिंच, अंगण. उंबरठा. त्याच क्षणी कोनाड्यातल्या दिव्याची ज्योत आतल्या बाजूला वाकली. वारा नव्हता. मी दारातच उभी होते, मी सांगते, वारा नव्हता. माझ्या उजव्या दंडाला गार काहीतरी घासून आत गेल्यासारखं वाटलं आणि कोळशाच्या धुराचा ओला वास आला. काकीने सुकट-भाकरीचं ताट वाढलं, गणपतच्या आवडीचं, आणि मग ती रडली. पोटातून रडली, आम्हां चौघींना आवरेना.

येसूचा पाट शेणव्यालाच लागला. घर चांगलं मिळालं, मुलं झाली. काकीने स्वतः तिला नवं लुगडं नेसवून पाठवलं. त्या घरात मग काकी राहिली आणि देवाऱ्याखालचा तो कोपरा. मी दुपारी जात असे. भर वैशाखात, छपराचे पत्रे तापून कडकड वाजत असताना, त्या कोपऱ्यात हात नेला की बोटं गारठायची. काकीला त्याचं काही वाटत नसे. आईला मुलाची भीती कसली? पण ती एक गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायची. "गनपत लय अबोल झालाय गो. हाक मारली तर समजत नाय त्याला. परक्यावानी बसून राहतो." मी म्हणायची, "इतकी वर्षं परदेशात होता, काकी." "होय," ती म्हणायची. "आनि सुकटीचा वास सोसत नाय त्याला. आधी किती खायचा." दुसऱ्या दिवसापासून ती त्याला साधा दूधभात वाढायला लागली.

आणि काही वर्षांनी, भर दुपारी बारा वाजता, गणपत आला.

मी त्या वेळी काकीच्या खळ्यात होते. डोक्यावर हॅट, हातात चामड्याची बॅग, अंगाने सुटलेला एक गृहस्थ कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "आई." काकीच्या हातातला झाडू खाली पडला. ती ओरडली नाही, धावली नाही. ती एक पाऊल मागे सरली, घराच्या दाराकडे वळून बघितलं आणि हळूच म्हणाली, "तू तर आत बसलायस ना रे?"

गणपतला काही कळेना. काकीने त्याला जवळ बोलावलं, त्याची पावलं बघितली, सावली बघितली, मग तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि त्याला छातीशी असं आवळलं की हॅट मातीत पडली. मला त्याला जोड्याने मारावंसं वाटत होतं. मी विचारलंसुद्धा, "एक ओळ लिहायला काय झालं होतं तुम्हांला?" तो खाली बघून म्हणाला, "काय लिहू वहिनी? तिकडं दुसरी बायको केली, हे लिहू? लाज वाटली, राहून गेलं. मंग लय दिवस झाले, मंग आनखी लाज वाटली." त्या लंडनच्या घरातून तो केव्हाच निघाला होता. दूर दुसऱ्याच एका बंदराच्या गावी त्याचा संसार होता.

काकी ऐकत होती. "तू गेल्यावर त्या खोलीत कोण आला?" तिने विचारलं. गणपत म्हणाला, "कोनतरी म्हातारा, तिकडचाच. बोटीवरचा. त्याला मागंपुढं कोन नव्हतं. त्याच खोलीत गेला तो थंडीच्या दिवसांत, असं कानावर आलं." "नाव?" "नाव नाय ठावं." काकी उठली, आत गेली, कोपऱ्यापुढे उभी राहिली. मी तिच्या मागे होते. "म्हणून व्हय," ती म्हणाली. "म्हणून हाक कळत नाय. कुनी त्याला वाट सांगितली नसंल. माझा आवाज ऐकला, दार उघडं दिसलं, आला बिचारा." मी म्हटलं, "काकी, काढा हो ते घरातून! परका आहे!" त्यावर ती माझ्यावर अशी उखडली! "एवढा समिंदर वलांडून आला, त्याला आता हाकलू? तुज्या घरी पावना चुकून आला तर तू पाटावरनं उठवशील?" त्या रात्री तिने मुलाला कोंबडी केली आणि कोपऱ्यात दूधभात नेहमीसारखा ठेवला.

गणपत थोडे दिवस राहिला. निघताना त्याने आमच्या ओटीवर बसून आपला पत्ता लिहून दिला. शेवटी अक्षरं आणि आकडे यांचा एक घोस होता. म्हणाला, "हे नवीन निघालंय तिकडं. एवढं लिवलं की टपालवाल्याला बाकी काय बघावं लागत नाय, नेमक्या गल्लीत पोचतं." मास्तरांना कोण कौतुक! ते मोठ्याने वाचायला लागले, तोच काकीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला नको सांगू," ती म्हणाली. "आई, पत्र लिवायला..." "मास्तरनी लिवंल. मला नको. मला तुजा पत्ता कळायला नको रे बाबा." एसटी वळणाआड जाईपर्यंत ती उभी होती. कुठे जाणार, कशी जाणार, अक्षराने विचारलं नाही. साऱ्या तालुक्याचे पत्ते ज्या बाईने गोळा केले, तिने पोटच्या पोराचा तेवढा घेतला नाही.

पत्रं येत राहिली. मी वाचायची, पत्त्याची मागची बाजू मुडपून घेऊन वाचायची. ती ऐकून हसायची. चांगली वर्षं होती ती.

तार आली ती दुपारची. शहापूरहून तारवाला आला होता. मास्तरांच्या नावावर, इंग्रजीत. गणपत गेला, एवढंच होतं त्यात. मास्तरांनी तार माझ्या हातात दिली. "तूच जा," म्हणाले. "माझ्याने नाही व्हायचं." मी गेले. काकी दारात तांदूळ निवडत होती. मी तोंड उघडलं नव्हतं, शपथेवर सांगते. तिने माझ्याकडे पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "सांग. आता सांग त्याचा पत्ता."

मी सांगितला. घराचा नंबर, रस्ता, गाव, देश, आणि तो शेवटचा घोस. ती एकेक शब्द माझ्यामागून म्हणत गेली, इंग्रजी अक्षरंसुद्धा. मग तिने विचारलं, "दार कुठल्या अंगाला?" मला माहीत नव्हतं. "गल्ली कुठं मिळते? वाटंत पानी हाय?" मला माहीत नव्हतं. पत्र नेमक्या गल्लीत पोचवणारा तो घोस माझ्यापाशी होता, आणि त्या गल्लीतून बाहेर कसं पडायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "मला नाही माहीत हो काकी," म्हणून मी हमसून रडायला लागले. या वेळी ती सबब नव्हती. या वेळी तिला पुरा पत्ता खरंच हवा होता.

तिने पदराने माझे डोळे पुसले. मग उठून आत गेली, दूधभात कालवला आणि कोपऱ्यापुढे मांडी घालून बसली. वडीलधाऱ्या पाहुण्याशी बोलावं तशी बोलली. "बाबा, तुजं नाव मला ठाऊक नाय. चुकून आनला तुला, पन उपाशी नाय ठेवला. आता माजं एवढं काम कर. मुलूख तुजा, बोली तुजी. माजा पोर तिकडं दारात उभा आसंल, त्याला वळनं ठाऊक नायत. त्याला घेऊन ये." आणि तिने त्या कोपऱ्याला गणपतचा पत्ता सांगितला, शेवटच्या आकड्यापर्यंत. दाऊदचाचांनी सांगितलेली ती सगळी वाट उंबरठ्यापासून हिरव्या दारापर्यंत उलटी सांगितली, आणि होते नव्हते ते तांदूळ अंगणात उधळले. नंतर मी कोपऱ्यात हात नेला. गारठा नव्हता.

त्या दिवसापासून काकीने दार लावलं नाही. पावसाच्या झडी आत येत, कुत्री आत येत, मी रागावत असे, ती ऐकत नसे. मी अंथरूण घातलं तरी ती उंबरठ्याशी बसून असायची. ती वाळत चालली होती. "येतील," म्हणायची. "लांब हाय."

कापणीच्या दिवसांत एका सकाळी मी पेज घेऊन गेले, तर काकी उंबरठ्याला टेकून, बसल्या जागी गेलेली होती. चेहरा अगदी निवांत. आत कोनाड्यात दिवा जळत होता. देवाऱ्याखाली दोन ताटं वाढलेली होती, एकात दूधभात, एकात सुकट-भाकर, आणि त्या कोपऱ्यात असा गारठा होता की हात धरवेना. मला भीती वाटली नाही. मी काकीचे डोळे मिटले, पदर सारखा केला, आणि गावाला हाक मारायच्या आधी तिसरं ताट वाढलं.